भुऱ्याला रस्सा चारणारं स्थळ

भिसेगाव, कर्जत

चि. सुनील यास,

छायाताईचा आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? सुरभीचा खोकला थांबला का? आम्ही ठीक, म्हणजे रविवारी तू पाठवलेलं स्थळ येऊन गेल्यावर जेवढं ठीक राहता येईल तेवढं. फोनवर सांगितलं तर तू मध्येच हसशील, म्हणून लिहिते.

मुलगा मनोज, रसायनीत नोकरीला, खालापूरची चांगली माणसं, खाण्यापिण्याची शौकीन, हे सगळं तुझंच सांगणं. म्हणून मी हर्षलाला दाखवताना नुसत्या पोह्यांवर न भागवता गावठी कोंबडी केली, आपली आई करायची तशी झणझणीत. (शौकीन! पहिल्याच घासाला त्यानं तांब्या रिकामा केला.) पण तोंडानं म्हणेल तर शपथ. मान डोलावत मस्त झालंय म्हणत होता आणि मी वाढत होते. ताटातल्या फोडी भराभर संपताना बघून मलाही बरं वाटलं. त्या जात होत्या टेबलाखाली, आमच्या भुऱ्या बोक्याच्या तोंडात, रश्श्यासकट.

भुऱ्याही तसाच बावळट. पोटभर खाल्लं, मग लाळ गाळत, पंजानं तोंड घासत घरभर पळाला आणि शेवटी मुलाच्या आईच्या मांडीवर जाऊन ओकला. (साडी नवी होती.) मग ज्याला त्याला डॉक्टरकी सुचली. ती बाई ओला पदर झटकत दूध पाजा म्हणाली. यांनी गूळ आणला (यांना कुठल्याही दुखण्यावर गूळच सुचतो). मनोजरावांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला, त्यात एक बाई मांजराच्या वाढदिवसाचा केक करत होती. एकट्या हर्षलानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जबरदस्तीनं काही पाजू नका, दूध तर नकोच, साधं पाणी समोर ठेवा. तिखटानं पोट बिघडेल, पण मांजराला खरं बाधतं ते कांदा-लसूण. किती खाल्लंय ते बघा आणि घेऊन या.

आता किती खाल्लंय ते कुणाला ठाऊक? हे म्हणाले, पातेल्यात तोंड घातलं असंल. तेवढ्यात मनोज उठला.

"काकी, मीच चारलं त्याला. मला तिखट झेपत नाय, आणि सांगायची लाज वाटली. चार-पाच फोडी गेल्या असतील."

त्याच्या आईनं डोळेच मिटून घेतले. मग हर्षलाच्या स्कूटीवर मागे बसून, भुऱ्याला टॉवेलात गुंडाळून हा दवाखान्यात गेला. बोक्यानं त्याच्या हातांची चाळण केली, शर्ट घाण केला, तरी यानं सोडला नाही म्हणे. (सोडायचा कसा, चालत्या गाडीवरून?) इंजेक्शन झालं. आता काही दिवस हिरड्या पांढऱ्या पडतात का, लघवी गडद होते का, हे बघायचं. भुऱ्या कपाटाखाली बसून पाणी पितो आणि कुणाला ओळख देत नाही.

ज्याला सासूच्या हातचा रस्सा गिळवत नाही आणि तसं सांगवतही नाही, असला जावई मला नको. त्यांना नकार कळवून टाक.

तुझी,
छायाताई

ता. क. नकार कळवू नकोस. हर्षलानं पत्र वाचलं. म्हणते, "आई, तो गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं गं." शिवाय रोज संध्याकाळी भुऱ्याच्या चौकशीला त्याचा फोन येतो. एका बोक्याची चौकशी इतका वेळ चालते, हे मला नवीनच.

ता. क. दुसरा. भुऱ्या आज कपाटाखालून बाहेर आला, उकडलेली कोंबडी खाल्ली. डॉक्टर म्हणाले, निभावलं.

ता. क. तिसरा. येत्या रविवारी ती मंडळी पुन्हा जेवायला येतायत. सुरभीला विचारून (तिच्या माहेरी तिखट चालत नाही ना) बिनतिखटाचा रस्सा कसा करतात ते लगेच कळव. आमच्या घरात आजवर कुणी केलेला नाही.