पंगतीचं रान

१२ डिसेंबर, गुरुवार
आले बाई एकदाची! लेकाने, सुबोधने, घाटकोपरहून रिक्षाने आणून सोडलं. आरेच्या रानातल्या रस्त्याला लागताच गार वारा तोंडावर आला, जीव सुखावला. शाळेच्या मुलांची शिबिरं भरतात, तिथे स्वयंपाकाला घेतलंय मला. या वयात नोकरी म्हणून सून हसली. म्हटलं, गिरणी बंद पडल्यावर खानावळ चालवून तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलं, हात अजून शाबूत आहेत.

स्वयंपाकघर पत्र्याचं, पण ऐसपैस. समोर जुनी झाडं आणि त्यांच्यामधून लांबच लांब सपाट पट्टा, जणू पंगत बसवायलाच ठेवलाय. पुढच्या शनिवारी माझ्या नातीची, श्रुतिकाची शाळा येणार. तिच्यासाठी घावणे करायचे, हे आत्ताच ठरवून टाकलंय.

१३ डिसेंबर, शुक्रवार
पाड्यावरची सोनूबाई भांडी घासायला येते. बोलकी आहे. तिने या रानाची गोष्ट सांगितली. फिरंग्यांच्या वेळी इथे फौज जेवायला बसली होती, पानं वाढून झालेली, तेवढ्यात घाला पडला. हातातला घास हातातच राहिला. पुढे गोऱ्या सोजिरांची छावणी पडली, मग घरदार सुटलेल्यांच्या राहुट्या आल्या. साथीच्या तापात त्यांचा शिधा बंद झाला. जो तो उपाशीच गेला, म्हणाली. म्हणून पाड्यात जेवायला कोणी कुणाला हाक मारत नाही. खांद्याला हात लावायचा, समजायचं.

 इतक्या वर्षांत त्यांना कुणी या म्हटलंच नाही!

आमच्या मालवणात सासूबाई दार ओढण्याआधी पायरीवर उभ्या राहून विचारायच्या, कोण जेवचो रवलो काय रे? कुणी वाटसरू जेवायचा राहू नये म्हणून. मीही तीच रीत पाळली आयुष्यभर. आज दिवेलागणीला रानाकडे तोंड करून तशीच हाक दिली. बरं वाटलं.

१५ डिसेंबर, रविवार
सकाळचा भात अगदी पांचट लागला. तांदूळ तर चांगला आहे.

पट्ट्यावरचं गवत जागोजाग दबलंय. मांडी घालून बसलेलं माणूस उठावं तसं, एका ओळीत. सोनूबाईला दाखवलं, हाकेचंही सांगितलं. तिने पातेलं खाली ठेवलं. काय केलंस गो बाय, म्हणाली. बोलावलेला पाहुणा पोट भरल्याबिगर उठतो काय? आणि यांचं पोट भातानं भरायचं नाय. आधी जिभेची चव नेतात, मग भूक, मग अंगातली ऊब. मग माणूस आपणहून त्यांच्या ओळीत जाऊन बसतं. मी म्हटलं, जाते घरी. तर म्हणाली, घरी गेलीस तर पंगत तुझ्या मागून घाटकोपरला येईल.

हात पुसले आणि गेली. उद्यापासून येणार नाही.

१८ डिसेंबर, बुधवार
शिबिराचा व्यवस्थापक विकी डाळ तोंडात घेऊन थुंकला. मावशी, डाळ आहे की मिठागर, म्हणाला. मी घातलेलं मीठ मला लागलंच नव्हतं.

हातावर उकळतं पाणी सांडलं. फोड आला. ऊन लागलं, दुखलं नाही. बघत राहिले.

सुबोधला फोन केला, श्रुतिकाला पाठवू नकोस. तो चिडला. आई, तूच तिला नादाला लावलंस ना, आता ती बॅग भरून बसलीय, कारण तरी सांग. मी फोन ठेवला. भीती वाटायला हवी होती. तीही नीट वाटत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार
दबल्या गवताची ओळ पायरीपर्यंत आली.

भूक नाही. काल जेवले का, आठवत नाही.

संध्याकाळी तोंडात पदराचा बोळा कोंबला, सवयीने हाक जाऊ नये म्हणून. तरी गेली. माझाच आवाज. पायरीवरून. मी आत होते —

२१ डिसेंबर, शनिवार
मुलं आली. श्रुतिका गळ्यात पडली. तिचा गाल ऊन लागला. एवढंच लागलं.

विकीने पंगत पट्ट्यावर मांडली. नको म्हटलं. तो म्हणाला, मावशी, मुलांना पिकनिक झकास वाटते. श्रुतिकाने घावण्याचा तुकडा मोडला. आजी, याला चवच नाही गं —

हाक मारली नाही. खांद्याला हात लावून एकेकाला उठवलं. आत आणलं. सगळी आली. श्रुतिका माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलीय. दार लावलं.

पायरीवरून माझा आवाज. कोण जेवचो रवलो —

आणि पट्ट्यावरून श्रुतिका. आजी, मी राहिले गं.

मांडीवर श्रुतिका. तोंड पलीकडे. वळत नाही.

कुठलीला आत आणलं — हात लावला की कळेल. गाल ऊन असेल तर —

हात तिच्या गालावर ठेवलाय.

ऊन आहे की गार, मला