रुमालाखालचं तिकीट

६ मार्च १९६२

आजची मीटिंग म्हणजे सरळ पाठीत खंजीर. जिल्हा परिषदेची इलेक्शन येणार आणि आमच्या सर्कलचं तिकीट मला मिळणार, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मीच सगळ्यांना सांगितलंय. आणि आमचे तालुका अध्यक्ष हिंमतराव भर मीटिंगमध्ये म्हणतात, यंदा तिकीट त्यालाच, ज्यानं राजकारणाबाहेर स्वतःच्या हातानं काही कामधंदा केलाय. ते ज्या माइकवर हे बोलले तो मी लावला होता. चौदा वर्षं मीच लावतोय. सतरंज्याही मीच टाकतो. हा कामधंदा नव्हे?

७ मार्च

मुद्दे तयार केले. डॉक्टरला कुणी विचारतं का, की बाबा, आधी किराणा दुकान चालवलंस का? मग पुढाऱ्यालाच का? हे हिंमतरावांना तोंडावर सुनवायचं ठरवून सकाळीच गेलो. ते चहा पीत होते. मी म्हटलं, साहेब, कालचं भाषण फार छान झालं.

घरी येऊन सौ. पुष्पाला मुद्दे ऐकवले. ती म्हणाली, "बराबरच बोलले थे. शेत माह्यावर, ढोरं माह्यावर. तुमच्यावर काय हाये?" मी म्हटलं, पक्ष. ती उठून शेण काढायला गेली.

१२ मार्च, सकाळ

निश्चय. महिन्याभरात एक्स्पीरियन्स घेऊन टाकायचा.

शिवणकाम नको, डोळे जातात. हॉटेल नको, कार्यकर्ते फुकट पितील. गुरांच्या बाजारातली दलाली उत्तम. सावलीत बसायचं, आणि समोर सगळे मतदारच. शिवाय सगळा धंदा हाताचा. विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं रुमालाखाली हातात हात द्यायचा आणि बोटं दाबून भाव करायचा. एक बोट म्हणजे शंभर. बाहेरच्याला काही कळत नाही. हात पक्का धरला की सौदा झाला, मग देवही मोडू शकत नाही. आता हातात हात घेण्यात या तालुक्यात माझा हात कोण धरणार?

संध्याकाळ

मोताळ्याचा दलाल तुळशीराम शिकवायला तयार आहे. फक्त म्हणाला, "लोकाइचं ढोर तुले कोन देईन बे? पहिले घरचं आन."

२० मार्च

घरचं म्हणजे लाल्या आणि चांद्या. सासऱ्यांनी सौ.ला दिलेले गोऱ्हे, तिनंच वाढवलेले. बैल विकायचे म्हटल्यावर दोन दिवस तिनं माझं ताट आपटूनच वाढलं. मग स्वतःच म्हणाली, लाल्या थकत चाललाय, पेरणीच्या आधी तरणी जोडी घेऊ. अट एकच. "सहा बोटाच्या खाली आले त हात सोडून द्याजा."

मी म्हटलं, मला शिकवू नकोस.

२७ मार्च

ऐतिहासिक दिवस.

सौ.नं पहाटे बैलांना कुंकू लावलं. लाल्याची मान खाजवत बराच वेळ उभी राहिली. शेवटी मला हाक मारावी लागली.

बाजारात कोण यावं? खुद्द हिंमतराव. बैलांचे दात पाहिले, रुमालाखाली हात दिला आणि तीन बोटं दाबली. तीनच. मी हात सोडणार होतो, तेवढ्यात उमगलं. एवढा मोठा माणूस सहाच्या जोडीला तीन बोटं उगाच देईल? राहिलेली तीन बोटं म्हणजे तिकीट. चारचौघांत बोलायची गोष्ट नाही, म्हणून तर रुमालाखाली. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. ते गोड हसले. मी त्यांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला, सभेत धरतो तसा.

तुळशीराम म्हणाला, "हे काय करून बसला बे?" त्याला राजकारण कळत नाही.

रात्री सौ.नं विचारलं, किती बोटं? म्हटलं, तीन रोख, तीन मे महिन्यात. ती रिकाम्या गोठ्यात जाऊन बसली. सार्वजनिक जीवनात त्याग करावाच लागतो.

१८ एप्रिल

तीन बोटांत तरणी जोडी येत नाही. वखरणीसाठी सौ.नं भावाची जोडी मागून आणली, तीही चार दिवसांपुरती. भाऊ मला पाहून थुंकला. निवडून आल्यावर यालाही माफ करीन.

हिंमतरावांचा पुतण्या भगवानराव नागपूरचं कॉलेज अर्ध्यावर सोडून आलाय. आज त्यांच्या शेतात लाल्या-चांद्याच्या मागं काळा चष्मा लावून उभा होता. समोर बुलढाण्याचा फोटोग्राफर. आमच्या पक्षाची निशाणी बैलजोडी, म्हणजे माझ्या प्रचाराचे फोटो सुरू झाले म्हणायचे. साहेब बोलत नाहीत, करून दाखवतात.

५ मे

तिकीट भगवानरावाला.

हिंमतरावांनी जाहीर केलं, मी लावलेल्या माइकवर. म्हणाले, उमेदवार स्वतःच्या बैलजोडीनं राबणारा कास्तकार आहे, नुसता राजकारणी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात चार-पाच टाळ्या वाजवून गेले, मग थांबले.

मीटिंग संपल्यावर त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, साहेब, रुमालाखाली काय ठरलं होतं? ते म्हणाले, "नारायण, रुमालाखाली बैलाचाच सौदा होते बापा. तिकिटाचा कोन करते?" वर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आन तू आता दलाल झाला. दलालाले लोक मत देतीन काय?"

साक्षीला कुणाला बोलावू? रुमालाला?

फसवलं मला. चौदा वर्षं ज्यांच्यासाठी खुर्च्या वाहिल्या त्यांनी फसवलं, तेही माझ्याच बैलांवर. सौ.च्या बैलांवर. घरी येऊन रडलो. राजीनामा लिहायला बसलो, पण कशाचा द्यायचा ते सुचेना.

सौ.नं विचारलं, राहिलेली तीन बोटं आली का? झोपेचं सोंग घेतलं.

१९ मे, दुपारी

हिंमतरावांचा निरोप आला. आज प्रचाराची मिरवणूक, पुढे बैलजोडी हवी, पण भगवानराव बैलाजवळ जायला भितो. कासरा धरायला मीच पाहिजे. म्हणजे माझ्यावाचून अडलं ना? मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे मी. जायचं ठरवलं.

संध्याकाळ

लाल्या-चांद्याची शिंगं रंगवली होती, गळ्यात हार. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोघंही आपणहून वळले आणि थेट आमच्या दारात जाऊन उभे राहिले. कासरा ओढला, हाका मारल्या, चुचकारलं. ढिम्म हलेनात. माझ्या हाकेची त्यांना सवय नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मागं लाउडस्पीकर ओरडत होता, भगवानराव दुसऱ्याच्या ओट्यावर चढून बसला होता.

सौ. बादली घेऊन बाहेर आली. दोघांना पाणी पाजलं. लाल्याची मान खाजवली. सगळी मिरवणूक थांबलेली. हिंमतराव पुढे होऊन म्हणाले, "पुष्पाबाई, तुमीच सांगा त्याइले." ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "जा बापा लाल्या, तुमचं घर आता थे हाये." दोघंही चालू लागले.

ऊन फार होतं. जाता जाता मी म्हटलं, पुष्पा, मलाही तहान लागलीय.

तिनं बादली उचलली, आत गेली आणि दार लावून घेतलं. बादलीत पाणी उरलं होतं.