ॲग्नेसबाईंची शाल

३ जानेवारी
गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात पहिली शाल मिळाली नाही म्हणून कमिटीतले आप्पासाहेब माइक हातात घेऊनच स्टेजवरून उतरले होते. घोडेगावच्या बाजारात म्हशीसुद्धा याहून शिस्तीत उभ्या राहतात. यंदा सत्कार अकारविल्हे. क्रम कॉम्प्युटर लावील, प्रोग्राम मी लिहीन. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्याला वर्णमालेत काय अवघड? शिवाय ‘अ’मुळे ॲग्नेसबाई आपोआप पहिल्या. माझा हात धरून अक्षरं गिरवून घेतली ती त्यांनीच. फोनवर शब्द देऊन टाकला, पहिली शाल तुम्हाला. बाई शहाऐंशीच्या. म्हणाल्या, लवकर उरक रे, फार वेळ बसवत नाही.

६ जानेवारी
पायथन ही कॉम्प्युटरची भाषा अगदीच बालबोध. प्रत्येक अक्षराला युनिकोडचा नंबर, लहान नंबर पुढे. चार नावं टाइप करून पाहिली. बाई पहिल्या, आप्पासाहेब दुसरे. मोनिका म्हणाली, अहो, लोकांनी मोबाईलवरून पाठवलेली खरी नावं टाकून बघा की एकदा. म्हटलं, अ म्हणजे अ. ती चष्म्यावरून बघत राहिली. बायकोचा विश्वास ही फार पुढची पायरी.

९ जानेवारी
कमिटीत जाहीर केलं. यादी मेळाव्याच्या दिवशी सकाळीच निघेल, तीत मलाही बदल करता येणार नाही. आप्पासाहेब म्हणाले, पत्रकार, मंग मागनं रडायचं न्हाई हं. हसलो.

११ जानेवारी, सकाळी
यादी निघाली. पहिले आप्पासाहेब. बाई सगळ्यात शेवटी, ‘ह’च्या हणमंताच्याही खाली.

थोड्या वेळाने
कळलं. माझ्या जुन्या कीबोर्डवर आधी अ, मग वर चंद्र. मोबाईलवर ॲ हे एकच अक्षर, युनिकोडात उशिरा आलेलं, म्हणून नंबर पार मागचा. दिसायला जुळे. कॉम्प्युटर म्हणतो, समान नाहीत. दोष युनिकोडचा.
नाव हाताने वर घ्यावं? आप्पासाहेबांनी यादीचा फोटो काढून ठेवलाय. तत्त्व म्हणजे तत्त्व. भाषणं आटोपती ठेवीन.

दुपारी
आटोपली नाहीत. शाल घेतल्यावर आप्पासाहेबच पाऊण तास बोलले. बाईंचं नाव पुकारलं तेव्हा खुर्ची रिकामी. फोटोग्राफरने विचारलं, खुर्चीचा काढू का?

१२ जानेवारी
शाल घेऊन बाईंकडे गेलो. पडून होत्या. युनिकोड समजावू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, नंबरांचं राहू दे. मी इतका वेळ तुझ्यासमोरच तर बसले होते. दिसले नाही का रे?
म्हटलं, स्टेजवरचे लाइट डोळ्यांवर येत होते.
बाईंनी मान हलवली.
मेळावा भर दिवसा, उघड्या मैदानावर होता.