पाटावरून उठायचं नाही

इंझोरी,
ता. १४ ऑक्टोबर १९५४

ती. रंगरावभाऊस,

गोजराचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. सांभाराच्या हिरव्या जुड्या बऱ्या निघताहेत, वांग्यांना कीड आहे. गिरजावहिनीचा खोकला गेला का?

तुझा निरोप पोचला. "भाऊबीजेले येऊ नको, आमीच कवा तरी येऊन जाऊ." कवा तरी म्हणजे कधीच नाही, एवढं मला कळतं.

गेल्या भाऊबीजेला माझा उजवा हात मनगटातून लोंबत होता, म्हणून मी ओवाळायचं ताट डाव्या हातात धरलं. वहिनी म्हणाली, "डाव्या हातानं ओवायत नसतात, बाई." आणि तू पाटावरून उठून गोठ्यात गेलास. दिवा ताटात तसाच जळत राहिला. हा हात कोणी लोंबता केला, हे तिला सांगायला तुझी जीभ रेटली नाही.

मग मीच सांगते, हे तिलाही वाचून दाखव. तुझ्या गाडीत वांग्यांच्या पाट्या चढवताना मी पडले आणि दंडाचं हाड मोडलं. दवाखान्यात न्यायचं सोडून तू कामट्या लावून सुतळीनं दंड आवळलास. गावचे लंगडे बैल तू असेच बांधून चालते करतोस, त्याचा तुला भारी गर्व. मी म्हटलं, "भाऊ, सैल कर, हात मरून राह्यला." तू म्हणालास, "बैल बोलते का कधी? सोस." आणि बाजार चुकू नये म्हणून शेलूबाजारला निघून गेलास.

हाड जुळलं, हात उठेना. यांनी मला अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, आवळल्यानं नस दबली आहे, ती सावकाश जागी होईल. तोवर बोटं आखडू द्यायची नाहीत. बाजेच्या काठावर हात टेकवून पंजा खाली सोडायचा आणि वर उचलायचा. उचलत नव्हता, तेव्हा डाव्या हातानं उचलायचे. दर वेळी तुझं नाव घ्यायचे, पण देवाचं घेतात तसं नाही.

एक दिवस पंजा आपोआप जरासा वर आला. बोटं मागाहून हलली, अंगठा सगळ्यांत शेवटी. आता मुठीत वांगं धरून हात उचलते.

हे पत्रही उजव्या हातानंच लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे, तसंच वाच.

भाऊबीजेला मी येते. पाट मांडून ठेव. ताट उजव्या हातात असेल आणि हात अजून थरथरतो. दिव्यातलं तेल अंगावर सांडलं तर ओरडायचं नाही, पाटावरून उठायचं नाही. बैल बोलते का कधी? सोस.

तुझीच, अजून तरी तुझीच,
गोजरा