खालच्या नळीचा आवाज

अप्पा, तुमची सायकल मी भोकरहून लातूरला आणली. एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, "भंगाराला नेऊन राहिल्या का, ताई?" मी प्रवासभर टपाकडे कान लावून बसले. थोरल्या बहिणीची मुलगी आता माझ्याकडे राहून शिकते. तिला शाळेला जायला सायकल हवी आहे, आणि तुमचीच हवी आहे, कारण अख्खी क्रोमची फ्रेम तिच्या वर्गात कुणाकडे नाही.

सकाळपासून घासते आहे. तुम्ही दाखवलं तसंच, सिगारेटच्या पाकिटातली चांदी पाण्यात बुडवून, चुरगळून, हलक्या हाताने. टपरीवाल्याकडे नुसती चांदी मागितली तर तो बघतच राहिला. तपकिरी पाणी ओघळतं, खालून क्रोम उजळतं, त्यात माझं तोंड लांबोडकं दिसतं. हँडलखालचा एक लालसर डाग काही केल्या जाईना. मी घासतच होते, आणि एकदम हात थांबला. शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला आपल्या सायकलदुरुस्तीच्या दुकानातच पाटी दिली होती. अक्षर मनासारखं होईना म्हणून मी पुसत राहायची, पाटी कायम ओली. तशीच एका दुपारी रिमवरचा लाल डाग घासत बसले होते, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. "थांब माय. ते तांबं हाय, गंज न्हाई. क्रोमच्या खालचा थर हाय तो. आता घासशील तर लोखंड उघडं पडंल." तेव्हापासून मला दोन्हींची भीती वाटते, काही राहून गेल्याची आणि जास्त झाल्याची.

पण आजची भीती डागांची नाही. पायडलजवळ खालच्या नळीवर गंजाचा जाड पोपडा होता. तो निघाला आणि खाली बारीक खड्डे दिसले. अशी फ्रेम दुकानात आली की तुम्ही घासायच्या आधी पान्याने नळी ठोकायचात, कान जवळ नेऊन. खणखणीत वाजली तर काम घ्यायचात. बद्द वाजली तर गिऱ्हाईक कितीही मागे लागो, "आतून गेली. लेकराला बसवू नको," म्हणून परत पाठवायचात. मी मात्र आधी घासली.

तुमच्या आजारपणात नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुमच्या पाठीवर एक बोट ठेवलं आणि त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकत खाली आले. वर मोकळा आवाज येतो आहे. उजवीकडे खाली, बद्द. डॉक्टर अजून काही बोललेले नाहीत. तुम्ही शर्टाच्या गुंड्या लावता लावता माझ्याकडे बघून हसता. "ऐकलंस न्हवं?" मी खाली बघते.

आता सायकल अंगणात उभी आहे, कोरडी पुसलेली, तेलाचा हात फिरवलेली. भाची सारखी दारात येते. "मावशी, झाली की. उद्या नेऊ का?" न ठोकता मी तिला बसवणार नाही, एवढं मला ठाऊक आहे. पाना माझ्या मांडीवर आहे. ठोकायला कितीसा वेळ लागतो? तरी मी तुम्हाला लिहीत बसले आहे, जिथे कुठलाच पोस्टमन जात नाही. तिला सांगितलंय, तेल मुरायला एक दिवस जातो.

तुम्हाला माहीत आहे, जात नाही.