ओठ राहिलेलं चित्र

आई, परवा ऑफिसातली एक मुलगी पॅरिसला जाऊन आली. इथं दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये तिनं मला फोनवरचा फोटो दाखवला. गर्दीतल्या डोक्यांच्या पलीकडे, काचेमागे, तीच ती हसरी बाई. "एवढं काय आहे हो हिच्यात?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "काय की." तुझं उत्तर माझ्याकडे होतं, पण तिथं ताटावर बसून सांगता येईना. म्हणून तुला लिहायला बसले.

मी आठवीत होते तेव्हा. आपण ऊद मेथाला राहायचो, माझ्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. तू मुंबईत रीतसर चित्रकला शिकलेली, पण दुबईत आल्यापासून माझे भूगोलाचे नकाशे सोडले तर तुझ्या हाताला काम नव्हतं. मग बाबांच्या मॅनेजरनी नवीन व्हिला घेतला आणि हॉलमध्ये लावायला बायकोचं ऑइल पेंटिंग तुझ्याकडून हवं म्हणाले. दिल्लीकडचा माणूस, मोठ्या आवाजाचा. बाबा घाबरत घाबरत घरी विचारायला आले आणि तू त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच हो म्हणालीस.

दर मंगळवारी ड्रायव्हर त्यांच्या बायकोला, भाभींना, सोडून जायचा. दिवसभर सारखा राहणारा उजेड आपल्याकडे फक्त स्वयंपाकघरात होता, म्हणून त्या फ्रीजशेजारच्या खुर्चीत बसायच्या आणि तू ओट्याला टेकून उभी. पहिल्या दिवशी त्या दागिन्यांनी मढून आल्या होत्या आणि चार शब्दही बोलल्या नव्हत्या. तिसऱ्या मंगळवारी साध्या सलवार-कमीजमध्ये बसून त्या तुला मटार सोलून देत होत्या. मी दीडला शाळेतून येते तर जिन्यातच टर्पेंटाइनचा आणि फोडणीचा एकत्र वास येतो, आणि तुम्हा दोघींचं हसणं ऐकू येतं. तुला एवढं हिंदी येतं हे मला माहीतच नव्हतं. "आ गई बेटा?" भाभी विचारतात. तू मान न वळवता म्हणतेस, "हात धू, वरण गरम आहे."

त्याच महिन्यात मला शाळेत प्रोजेक्ट मिळालं, एका जुन्या इटालियन चित्रकारावर. लग्नाशिवाय झालेला मुलगा, वडील कागदपत्रं करणारे, लहानपणीच एका चित्रकाराच्या हाताखाली शिकायला गेलेला. उजवीकडून डावीकडे उलटं लिहायचा. शंभर गोष्टी सुरू करायचा आणि निम्म्या तशाच सोडायचा. एका रेशीमवाल्या व्यापाऱ्याच्या बायकोचं चित्र त्यानं काढायला घेतलं, ती कंटाळू नये म्हणून गाणारे-बजावणारे बोलावले म्हणे. हे वाचून दाखवल्यावर तू भाभींना म्हणालीस, "हमारे यहाँ तो कुकर की सीटी है," आणि भाभी इतक्या हसल्या की तुला ब्रश खाली ठेवावा लागला. ते चित्र त्यानं त्या व्यापाऱ्याला कधी दिलंच नाही. म्हातारपणी फ्रान्सच्या राजाकडे राहायला गेला तेव्हाही बरोबर नेलं. "नोबडी नोज व्हाय, आई. इट्स अ मिस्टरी," मी म्हटलं. भाभी तेव्हा गेल्या होत्या. तू कणीक मळत होतीस. म्हणालीस, "मिस्टरी कसली? चित्र देऊन टाकलं की बाईचं येणं बंद. एवढंच."

मी ते प्रोजेक्टमध्ये लिहिलं नाही. पण भाभींच्या चित्राकडे नीट बघितलं. डोळे झाले होते, केस, हात, अगदी ओढणीची किनारसुद्धा. ओठ तेवढे राहिले होते. मंगळवारी तू ते रंगवायचीस आणि त्या गेल्या की फडक्यानं पुसून टाकायचीस.

एकदा बाबा जेवताना वैतागले. "सर आज परत सगळ्यांसमोर म्हणाले, यल्ला यार, जल्दी करो, मेरी बीवी कब तक तुम्हारे किचन में बैठेगी? काय सांगू मी त्यांना?"

"ओठ राहिलेत," तू म्हणालीस आणि ताक आणायला आत गेलीस.

मी बाबांकडे वाकून हळूच सांगितलं, "शी रब्ज इट ऑफ. एव्हरी ट्यूसडे. मुद्दाम." 

दोन दिवसांनी तू भाजी घेऊन आलीस तर चित्राचा स्टँड रिकामा होता. बाबा चित्र पोचवून आले होते. तू पिशवी ओट्यावर ठेवलीस. मग विचारलंस, "तुम्हाला कोणी सांगितलं?" बाबा पेपरमध्ये बघत म्हणाले, "सांगायला कशाला पाहिजे कोणी? मला दिसत नाही का?" तू त्यांच्याशी आठ-दहा दिवस बोलली नाहीस. मंगळवारी सकाळी तू केस नीट बांधलेस, खुर्ची पुसलीस. गाडी आली नाही. फोन कर, असं बाबाच शेवटी म्हणाले. तर तू म्हणालीस, "त्यांच्या घरी मी कुठल्या नात्यानं फोन करू?"

दहाएक वर्षांनी, तू गेलीस त्यानंतर आठवड्यानं, भाभी भेटायला आल्या. केस पांढरे झाले होते. हॉलमध्ये न बसता थेट स्वयंपाकघरात गेल्या. मला म्हणाल्या, "मैंने सोचा वो मुझसे तंग आ गई थी. इसलिए अधूरी तस्वीर भेज दी." मग खुर्चीत बसत, "एक बार बुला लेती." चित्र अजून त्यांच्या हॉलमध्ये आहे, पाहुणे विचारतात ओठ असे पुसलेले का, असंही म्हणाल्या. मी त्यांच्यासाठी चहा टाकला. तेव्हा सगळं सांगता आलं असतं. बाबा दारात उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चपला घालून बाहेर गेले. त्यांनी तुलाही कधी माझं नाव सांगितलं नाही, हे मला त्यांच्या त्या बघण्यावरून कळलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. मी ते चुकून बोलले, लहान होते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. तसं नव्हतं. तू मंगळवारी माझ्याकडे वळून बघायची नाहीस. स्टँड रिकामा झाल्यावर पहिल्या मंगळवारी मी शाळेतून आले, तू दारापर्यंत आलीस, माझं दप्तर घेतलंस, आणि मला बरं वाटलं.