कागलपर्यंतची सीट

पुणे, ९ जून १९९७

जय जिनेंद्र.
ती. अक्काताई आत्यास, सा. न. वि. वि.

पोचले एकदाची. कराड यायच्या आधी दोनदा उलटी झाली. फाडफाड इंग्लिश बोलते म्हणून टूर कंपनीने मला घेतलं खरं, पण प्रवासाची भीती वाटते हे मी इंटरव्ह्यूत सांगितलंच नाही! आता या महिन्यात पहिली टूर. डलहौसी, अकरा दिवस, चाळीस माणसं, आणि मी असिस्टंट. मला अजून कोल्हापूरच्या स्टँडवर बस शोधता येत नाही गं.

परत येते म्हटलं तर पप्पा म्हणाले की सगळ्या कागलला पेढे वाटून झालेत, आता गप राहा. म्हणून एक आयडिया केलीय. तुझ्यासारखं दिग्व्रत घेऊन टाकते. उत्तरेला वारणा नदी, पूर्वेला बाहुबलीचा डोंगर, पश्चिमेला गगनबावडा, दक्षिणेला कागल; यापलीकडे जन्मभर पाऊल टाकायचं नाही. तुझ्याच हद्दी मला चालतील. धर्माचं व्रत म्हटल्यावर पप्पा काय बोलणार? चातुर्मासाला महाराज आले की त्यांच्यासमोर घेते, तू फक्त शेजारी बस. प्लीज!

लगेच लिही. माया आहे तेवढी ठेव, हसू मात्र नकोस.
तुझी आदिती


शिवाजी पेठ, कोल्हापूर, १४ जून १९९७

चि. आदितीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

हसले न्हाय. दोन दिवस पत्र पदरातच ठेवलं. तुझा बाप येऊन इचारून गेला, अक्का, पोरीनं काय लिवलंय म्हणून.

आता सांगते ते त्यालाबी ठाव न्हाय. सदुसष्ट साली श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या मूर्तीचा मस्तकाभिषेक हुता, बारा-चौदा वर्सांनी एकदा येतो त्यो. पेठेतनं आख्खी बस निघालती. आमच्या मालकांनी दोन जागा धरल्या. मला बसची तुझ्यागत भीती. लग्नाच्या वऱ्हाडात साऱ्यांदेखत ओकलेते, त्याची लाज अंगातनं गेली नव्हती. आठ दिवस आधी देवळात जाऊन दिग्व्रत घेतलं. दक्षिणेला कागल, कारण माहेर तिथं.

बायका माझ्या पाया पडल्या की गं! एवढ्या कोवळ्या वयात केवढा त्याग म्हणाल्या. बाई, तुला भीती वाटती काय, असं एकीनंबी इचारलं न्हाय. माझी जीभबी उचलली न्हाय. मालक एकटंच गेलं, आणि आल्यावर आठ दिवस काय काय सांगत हुतं, ते मी भाकरी थापत ऐकलं. एक्क्याऐंशीला बस गेली, त्र्याण्णवला गेली. तवर भीती कवाच पळालती, पण व्रत हुतं. ते मी मोडणार न्हाय. घेताना खोटं हुतं, पाळता पाळता खरं झालंय. पण तुझं खोटं मी शेजारी बसून बघायची न्हाय.

एक टूर कर. मग काय ते ठरव. तिथनं मला लिव, उलटी आली तर कुठं बघायचं, संडास किती लांब, दिवस बुडायच्या आत जेवाय मिळतंय का, चुकामूक झाली तर कुणाला इचारायचं. डोंगार काय, क्यालेंडरात दिसत्यात.

रागावले न्हाय. जीव तुझ्यापाशी हाय.
अक्काताई


डलहौसी, १ जुलै १९९७

ती. अक्काताई आत्यास, सा. न. वि. वि.

आधी तुझी उत्तरं. उलटी आली की लांबच्या झाडाकडे बघायचं, पायाकडे नाही, ड्रायव्हरने शिकवलं. तरी एकदा झालीच, नव्या ड्रेसवर! कुणी हसलं नाही. साताऱ्याच्या धोंडुबाई आजींनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, बरं झालं बाई, मला वाटलं मला एकटीलाच होतंय. हॉटेलचा संडास सत्तावीस पायऱ्या खाली. साडेसातपर्यंत उजेड असतो, त्यामुळे तुझं जेवण निवांत होईल. चुकामूक झाली तर मला विचारायचं. खरंच, आता सगळे मलाच विचारतात.

हे सगळं तुझ्यासाठी शोधत फिरले आणि घाबरायला वेळच झाला नाही. आज सकाळी ढग सरकले आणि समोर बर्फ! मी अशी किंचाळले की मॅनेजर धावत आला. आत्या, कॅलेंडरात त्याचा वारा येत नाही गं. डोळ्यांत पाणीच आलं. ते व्रत कॅन्सल. पुढच्या टूरला नाव दिलंय.

अशीच खडसावत राहा.
तुझी आदिती


पुणे, ११ जानेवारी २००६

ती. अक्काताई आत्यास, सा. न. वि. वि.

कालच कैरोहून आले. तिथे वाळूत चालताना चपला हातात घ्याव्या लागतात आणि संडास फार लांब. फोनवर तू फक्त बरं हाय, ठेव, एवढंच म्हणतेस, म्हणून पत्र.

पुढच्या महिन्यात श्रवणबेळगोळला मस्तकाभिषेक आहे. शिवाजी पेठेतून बस निघणार, आणि लीडर मी! ड्रायव्हरच्या मागची खिडकीची सीट मी कुणाला दिलेली नाही. बस कागलवरूनच जाते. पप्पा स्टँडवर थांबतील. तिथपर्यंत येतेस?

नाही म्हणालीस तरी लोभ राहीलच. पण नाही म्हणू नकोस.
तुझी आदिती


कागल, १० फेब्रुवारी २००६

चि. आदितीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बापाच्या कट्ट्यावर बसून लिवते. पत्र पोचायच्या आत तू परत येशील, तरी लिवते.

गोकुळ शिरगावाजवळ पोटात ढवळलं. लांबच्या झाडाकडं बघितलं, ऱ्हायलं. मग बघतच बसले. ऊस, कारखान्याची धुराडी, शाळंची पोरं, सारं सरासरा मागं पळालं. अर्ध्या तासात कागल! एवढ्यासाठी मी सदुसष्टला एवढी घाबरले व्हय? उतरताना दांडी सोडवंना, खोटं सांगत न्हाय. आणि तू लीडर असून साऱ्यांदेखत रडलीस, शोभतं काय?

माझ्या सीटवर मी पेठेतल्या शालूबाईच्या सुनेला बसवलंय. पोरगी पांढरीफटक, तोंडाला रुमाल, आणि सासू सांगत हुती उपासानं होतंय म्हणून. मी कानात इचारलं, भीती वाटती व्हय? तिनं मान हलवली. मलाबी वाटायची, म्हटलं.

तिच्याकडं ध्यान दे. भगवंताच्या पायापाशी पोचली का, तेवढं आधी लिव. बाकीचं मागनं.

लोभ हाय. त्याला मी हद्द घातलेली न्हाय.
अक्काताई

ता. क. उलटी झाली न्हाय. तुझ्या बापाला खरं वाटंना.